वादळांच्या हंगामाचा अंदाज बंद करायचा तो कशासाठी?

अटलांटिक महासागरातला चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो. त्याआधीच, एप्रिलमध्ये कोलोराडो स्टेट विद्यापीठ आणि मे महिन्यात अमेरिकी सरकारची महासागर व वातावरण संस्था ‘नोआ’, यंदा साधारण किती वादळे होतील याचे आकडे जाहीर करतात. डिसेंबर उजाडला की हिशेब मांडला जातो, आणि ज्या वर्षी आकडा जुळत नाही त्या वर्षी एक मागणी हटकून पुढे येते: हा उद्योग बंद करा. तीन महिन्यांनंतरचे वादळ आज कोणालाच दिसत नाही, लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त होतात, मग जनतेच्या पैशाने हे भविष्य वर्तवायचेच कशाला? ही मागणी नुसत्या रागातून आलेली नाही. तिच्यामागे खरी उदाहरणे आहेत आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाची खरी अडचणही आहे. तरीही ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हंगामी अंदाजाला ज्या कारणासाठी दोषी धरले जाते ते त्याचे कामच नव्हे. त्याच्यात जो खरा दोष आहे, त्याकडे मात्र टीकाकारांचे लक्ष जात नाही.

टीकाकारांच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा 2013 सालचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली पाहिजे. त्या वर्षी कोलोराडोच्या गटाने एप्रिलमध्ये 18 नामांकित वादळे, त्यांतली 9 हरिकेन आणि 4 मोठी हरिकेन असा अंदाज दिला. नोआने मे महिन्यात 13 ते 20 वादळे, 7 ते 11 हरिकेन आणि 3 ते 6 मोठी हरिकेन सांगितली, आणि हंगाम सरासरीपेक्षा जोरदार असण्याची शक्यता 70 टक्के दिली. प्रत्यक्षात हरिकेन झाली फक्त दोन, आणि मोठे हरिकेन एकही नाही. ऑगस्टमध्ये, म्हणजे हंगामाचा मुख्य काळ ऐन तोंडावर असताना, नोआने अंदाज सुधारून पुन्हा दिला, तोही जोरदार हंगामाचाच होता आणि तोही चुकला. समुद्र पुरेसा गरम होता, एल निनो नव्हता, पुस्तकाप्रमाणे सारे अनुकूल होते. पण उष्णकटिबंधीय अटलांटिकवरच्या मधल्या थरांतली हवा कोरडी राहिली आणि वादळांचे ढग उंच चढूच शकले नाहीत. हे अपयश लहान नव्हते आणि त्याला मी दुसरे नाव देणार नाही. पण याच वर्षाचा एक आकडा टीकाकार सांगत नाहीत. 2013 मध्ये एकूण 14 वादळे झाली. नोआने 13 ते 20 म्हटले होते. म्हणजे बातमीच्या मथळ्यात जो आकडा झळकला होता, तो त्या फसलेल्या वर्षीही खरा ठरला.

ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मथळ्यातला आकडा बरोबर येऊनही अंदाज सपशेल चुकू शकतो, याचा अर्थ तो आकडाच मोजमापाला नालायक आहे. वाऱ्याचा वेग ताशी 63 किलोमीटरवर गेला की वादळाला नाव मिळते. समुद्रात कुठेतरी एक दिवस जेमतेम टिकून विरून गेलेले वादळही या हिशेबात एक, आणि दोन आठवडे कॅरिबियन बेटे उद्ध्वस्त करत फिरलेले वादळही एकच. म्हणून शास्त्रज्ञ ‘एस’ नावाचे वेगळे माप वापरतात: दर सहा तासांनी वादळातल्या सर्वाधिक वाऱ्याचा नॉटमधला वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, हंगामभराची बेरीज करायची आणि तिला दहा हजारांनी भागायचे. 40 नॉट वेगाचे दुबळे वादळ दिवसभर टिकले तर चार नोंदींचे मिळून 0.64 एकक भरते. 140 नॉटचे हरिकेन तेवढाच वेळ टिकले तर 7.84 भरते, बारा पटींहून जास्त. या मापाने 2013 चा हंगाम सुमारे 36 एककांचा होता. अटलांटिकची 1991 ते 2020 या तीस वर्षांची सरासरी 120 च्या पुढे आहे, आणि 2005 च्या भयंकर हंगामात तर ती बेरीज 240 च्या वर गेली होती. चौदा वादळे झाली असे वाचणाऱ्याला 2013 अगदी सर्वसाधारण वर्ष वाटेल, कारण त्या तीस वर्षांची सरासरीही चौदाच आहे. मग वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि स्वतः संस्थासुद्धा पहिल्या ओळीत वादळांची संख्याच का देतात? सोपी आहे म्हणून. अंदाजाविरुद्धच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या सोपेपणात आहे.

आता मुख्य आरोप घेऊ: अंदाज चुकतो. चुकतो हे खरे, पण कशाच्या तुलनेत? हंगामी अंदाज नसेल तर त्याच्या जागी अचूक ज्ञान येणार नाही, सरासरी येईल. दरवर्षी डोळे मिटून ‘14 वादळे, 7 हरिकेन, 3 मोठी हरिकेन’ असे सांगणारा माणूस हा हंगामी अंदाजाचा खरा प्रतिस्पर्धी आहे. अंदाज त्याच्यापेक्षा अनेक वर्षांच्या बेरजेत सरस ठरतो की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा. हा प्रश्न शास्त्रज्ञांनी टाळलेला नाही. या विषयाचे जनक विल्यम ग्रे यांनी 1984 मध्ये कोलोराडोहून पहिला हंगामी अंदाज काढला. पुढे त्यांचा गट डिसेंबरमध्येच, हंगामाच्या सहा महिने आधी, आकडे देऊ लागला. ही डिसेंबरची सूत्रे जुन्या नोंदींवर ताडून पाहिली तेव्हा उत्तम चालत होती. पण 2011 च्या अखेरीस ग्रे आणि त्यांचे सहकारी फिल क्लॉट्सबाक यांनी जाहीर केले की वीस वर्षांचे प्रत्यक्ष निकाल पाहता आमच्या डिसेंबरच्या अंदाजात सरासरीपेक्षा जास्त काही कौशल्य दिसत नाही, म्हणून यापुढे डिसेंबरमध्ये आकडे देणार नाही. ज्यांनी ते अंदाज बांधले त्यांनीच ते मागे घेतले. एप्रिलचा अंदाज मात्र ठेवला, कारण त्यात थोडे का होईना कौशल्य दिसते. जूनच्या अंदाजात ते वाढते आणि ऑगस्टच्या अंदाजात सर्वांत जास्त असते. प्रत्येक हंगाम संपल्यावर आपला अंदाज आणि घडलेले वास्तव शेजारी ठेवून हा गट स्वतःच चिकित्सा प्रसिद्ध करतो. भोंदूपणाचा आरोप करणाऱ्यांनी ज्योतिषाच्या धंद्यात असे एक तरी उदाहरण दाखवावे.

एप्रिल आणि ऑगस्टच्या अंदाजांत फरक का पडतो हे कळले, की या शास्त्राला काय दिसते आणि काय दिसत नाही तेही कळते. अटलांटिकच्या हंगामावर सगळ्यात मोठी पकड प्रशांत महासागराची आहे. पूर्व प्रशांत तापला, म्हणजे एल निनो आला, की पावसाचे ढग तिकडे सरकतात आणि कॅरिबियनवरून वरच्या थरांत पश्चिमेचे वारे जोरात वाहू लागतात. खाली एका दिशेचा वारा आणि वर दुसऱ्या दिशेचा, अशा स्थितीत वादळाचा मनोरा तिरका होतो, त्यातली उष्णता विखुरते आणि ते वाढत नाही. ला निना असेल तर हा अडथळा दूर होतो. अडचण अशी की एल निनोचे पुढचे वळण मार्च ते मे या काळात ओळखणे सर्वांत कठीण असते. ग्रे यांनाही 1997 मध्ये हाच फटका बसला. त्यांनी 11 वादळे सांगितली होती, पण उन्हाळ्यात शतकातला एक अतिप्रबळ एल निनो उभा राहिला आणि हंगाम आठ वादळांवर आटोपला. एप्रिलमध्ये अंदाज देणारा माणूस अशा वेळी निम्मे पत्ते उलटे ठेवून खेळत असतो, आणि तसे तो उघड सांगतोही.

या ठिकाणी भारताचा, आणि थोडा पुण्याचाही, संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. एल निनोच्या वातावरणातल्या बाजूचा शोध मुळात भारतीय मोसमी पावसाचा हंगामी अंदाज करण्याच्या खटपटीतून लागला. गिल्बर्ट वॉकर 1904 ते 1924 या काळात भारताच्या वेधशाळांचे महासंचालक होते. पाऊस कधी दगा देईल हे आधी कळावे म्हणून त्यांनी जगभरच्या दाबाच्या आणि पावसाच्या नोंदी गोळा करून कारकुनांकरवी हातांनी आकडेमोड करून घेतली, आणि त्यातून प्रशांत व हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. मोसमी पावसाचा भरवशाचा अंदाज मात्र त्यांना साधला नाही. म्हणजे ज्या अंदाजाला अपयशी म्हणता येईल, त्याच्याच पोटातून आज अटलांटिकच्या वादळांपासून इंडोनेशियातल्या दुष्काळापर्यंत सगळीकडे वापरले जाणारे ज्ञान निघाले. पुढे भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये पुण्याला आले, आणि ते नंतर दिल्लीला गेले तरी दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे काम पुण्यात राहिले. 1988 पासून तिथे डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात होते. अनेक वर्षे त्याने साथ दिली. 2002 मध्ये मात्र सामान्य पावसाचा अंदाज असताना देशात सरासरीच्या 81 टक्केच पाऊस झाला आणि मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी खात्याने अंदाज देणे बंद केले नाही, प्रारूप बदलले. तेच योग्य होते. वादळांच्या अंदाजाबाबत मात्र एक आकडा चुकला की सगळे शास्त्रच गुंडाळून ठेवायची भाषा होते.

दुसरा आरोप पहिल्यापेक्षा जास्त धारदार आहे आणि त्याला वेळ दिला पाहिजे. तो असा: 70 टक्के शक्यता असे म्हणणारा अंदाज कधी खोटाच ठरत नाही. जुळला तर श्रेय, नाही जुळला तर तीस टक्क्यांकडे बोट. एका वर्षापुरते हे खरे आहे. एका हंगामावरून संभाव्यतेचा अंदाज खरा किंवा खोटा ठरवता येत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पण पंचवीस-तीस हंगामांवरून नक्की ठरवता येतो. 70 टक्के शक्यतेचा पट्टा दिला तर दहा वर्षांत साधारण तीनदा वास्तव पट्ट्याबाहेर जायला हवे. दहाच्या दहा वेळा ते आत राहिले तर पट्टा फार रुंद, सहा-सात वेळा बाहेर गेले तर अंदाज करणारा आपल्या ज्ञानाची बढाई मारतो आहे. ही कसोटी कडक आहे आणि तिच्यावर अंदाज नापास होऊ शकतो. तसे झालेही आहे. 2005 च्या मे महिन्यात नोआने 12 ते 15 वादळे सांगितली आणि झाली 28. कॅटरिना त्यातलेच. पुढच्याच वर्षी 13 ते 16 सांगितली आणि झाली 10. पहिल्या वर्षी पट्टा वरून तुटला आणि दुसऱ्या वर्षी खालून. चार आकड्यांचा पट्टा देणाऱ्या संस्थेने आपल्या अनिश्चिततेला फार कमी लेखले होते, असाच याचा अर्थ होतो, आणि त्या काळातल्या टीकेत दम होता. पण नंतरचे पट्टे पाहा. 2013 चा 13 ते 20 होता, 2024 चा 17 ते 25. संस्थेने आपले अज्ञान जास्त प्रामाणिकपणे मांडायला सुरुवात केली. त्यावर टीकाकार म्हणतात की एवढा रुंद पट्टा म्हणजे काहीच न सांगणे. ज्यांनी काल अरुंद पट्ट्याला खोटे म्हटले त्यांना आज रुंद पट्ट्याला निरर्थक म्हणता येणार नाही. 17 ते 25 या पट्ट्याचे खालचे टोकही सरासरीच्या वर आहे, म्हणजे त्यात ठाम विधान आहेच.

तिसरा आक्षेप किनाऱ्यावरच्या माणसाचा आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. फ्लोरिडातल्या घरमालकाला, ह्यूस्टनमध्ये किंवा टॅम्पात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला, या अंदाजाने काय कळते? माझे उत्तर सरळ आहे: स्वतःच्या घराबद्दल जवळजवळ काहीच नाही. वादळे किती होतील हे समुद्राचे तापमान आणि महिनोन्‌महिने टिकणाऱ्या वाऱ्यांच्या रचनेवर ठरते, म्हणून त्याचा थोडाफार सुगावा आधी लागतो. वादळ कुठे धडकेल हे मात्र त्या आठवड्यात बर्म्यूडाजवळचा उच्च दाब कुठे सरकला आहे आणि अमेरिकेवरून येणारा कमी दाबाचा पट्टा कुठवर पोचला आहे यावर ठरते. ते एप्रिलमध्ये कोणत्याही यंत्राला दिसत नाही. 2010 मध्ये 19 वादळे आणि 12 हरिकेन झाली, त्यातले एकही हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्यावर चढले नाही. 1992 मध्ये सबंध हंगाम मंद होता. वर्षातले एकच मोठे हरिकेन झाले, त्याचे नाव अँड्र्यू, आणि 24 ऑगस्टला त्याने मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड हे गाव भुईसपाट केले. 1983 मध्ये सगळी मिळून चार वादळे झाली. त्यातले अलिशिया टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टन आणि ह्यूस्टनवर आले. म्हणून ‘यंदा शांत वर्ष आहे’ असे वाचून खिडक्यांच्या फळ्या आणि पाण्याचे डबे न आणणारा माणूस चुकतो, आणि ‘यंदा भयंकर वर्ष आहे’ म्हणून घर विकायला काढणाराही चुकतो. किनाऱ्यावरच्या घराची तयारी दरवर्षी सारखीच असली पाहिजे.

मग इथेच टीकाकार विजयाचा हात वर करतात: घरमालकाला उपयोग नाही हे तुम्हीच मान्य केलेत! होय, केले. पण जे ज्ञान एका घराला उपयोगी नाही ते हजारो घरांची जबाबदारी घेणाऱ्याला उपयोगी असू शकते. सबंध किनारा ज्याच्या हिशेबात आहे, त्याच्यासाठी एखादे वादळ कुठे चढते यापेक्षा एकूण किती चढण्याची शक्यता आहे हे महत्त्वाचे असते. फ्लोरिडातल्या विमा कंपन्यांचे पुनर्विम्याचे मोठे करार 1 जूनला नव्याने होतात. विजेच्या तारा आणि खांब दुरुस्त करणाऱ्या पथकांना किती महिने दुसऱ्या राज्यांतून माणसे मिळतील याचा विचार आधी करावा लागतो. तंबू, जनरेटर, औषधे किती साठवायची हे मदत यंत्रणांना ठरवावे लागते. 8 जुलै 2024 रोजी बेरिल टेक्ससवर आले तेव्हा ते अगदी खालच्या, पहिल्या श्रेणीचे हरिकेन होते. तरीही ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि भर उन्हाळ्यात लोक दिवसेंदिवस अंधारात राहिले. तेच बेरिल आठवडाभर आधी नोंदींच्या इतिहासातले सर्वांत लवकर पाचव्या श्रेणीला पोचलेले अटलांटिक वादळ ठरले होते. त्या वर्षी समुद्र विलक्षण तापलेला आहे आणि हंगाम जोरदार असेल असे नोआने 85 टक्के शक्यतेने सांगितले होते. तो इशारा घरोघरच्या लोकांपेक्षा तिथल्या वीज कंपन्यांसाठी आणि नियामकांसाठी जास्त होता. कोलोराडोचा गट तर एकूण अमेरिकी किनाऱ्यावर मोठे हरिकेन धडकण्याची शक्यताही वेगळी देतो. 2024 च्या एप्रिलमध्ये ती 62 टक्के होती, जिची दीर्घकालीन सरासरी 43 टक्के आहे. 43 चे 62 होणे एका घरासाठी फारसे नाही, पण राज्याच्या तिजोरीसाठी आहे.

2024 चा हंगाम आणखी एका आक्षेपाचे उत्तर देतो. आक्षेप असा, की हवामान बदलामुळे जुन्या नोंदी कालबाह्य झाल्या, तेव्हा त्यांवर आधारलेले अंदाजही कालबाह्य झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एर्नेस्टो हे वादळ विरल्यावर ऐन हंगामात जवळजवळ तीन आठवडे नवे वादळ झालेच नाही. अंदाज कोसळला अशी हाकाटी तेव्हा सुरू झाली. कोलोराडोच्या गटाने 3 सप्टेंबरला कारणे मांडली: पश्चिम आफ्रिकेवरचा पावसाचा पट्टा नेहमीपेक्षा बराच उत्तरेला सरकल्याने वादळांची बीजे थंड, कोरड्या भागात जाऊन पडत आहेत, आणि वातावरणाचा वरचा थर गरम असल्याने ढग चढत नाहीत. अंदाज मात्र त्यांनी मागे घेतला नाही. 26 सप्टेंबरला हेलीन चौथ्या श्रेणीने फ्लोरिडावर आले आणि त्याच्या पावसाने किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलच्या डोंगराळ भागात, पूर आणि दरडींनी हाहाकार माजवला. दोनशेहून अधिक माणसे गेली. 9 ऑक्टोबरला मिल्टन आले. वर्षाअखेर 18 वादळे, 11 हरिकेन, 5 मोठी हरिकेन असा जमाखर्च झाला, आणि नोआचे तिन्ही पट्टे, 17 ते 25, 8 ते 13 आणि 4 ते 7, बरोबर ठरले. कोलोराडोने एप्रिलमध्ये 11 आणि 5 हेच आकडे दिले होते, फक्त एकूण वादळे 23 सांगितली होती. 2023 मध्ये उलटे घडले. प्रबळ एल निनो असूनही अटलांटिक इतका तापला की 20 वादळे झाली, मे महिन्यातला 12 ते 17 चा पट्टा मोडला. पण ऑगस्टपर्यंत शास्त्रज्ञांनी समुद्राचे तापमान पाहून अंदाज 14 ते 21 वर नेलेला होता. बदलत्या समुद्रात जुनी सूत्रे सैल पडतात हे खरे. ग्रे यांनी सुरुवातीला वापरलेला उंच वातावरणातल्या वाऱ्यांचा आणि आफ्रिकेतल्या पावसाचा आधार पुढे कमकुवत झाला आणि तो सोडून द्यावा लागला. पण समुद्र बदलतो आहे म्हणून त्याच्याकडे पाहणे थांबवा, हा सल्ला मला समजत नाही. जो बदलतो त्याच्यावरच जास्त लक्ष ठेवावे लागते, आणि दरवर्षी जाहीरपणे अंदाज देऊन तो तपासल्याशिवाय कोणते सूत्र सैल पडले हे कळणारही नाही.

म्हणूनच 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात नोआचा संशोधन विभाग जवळपास मोडीत काढण्याची कल्पना आली, ती मला धोकादायक वाटते. ‘चुकतात, तर पैसे कशाला’ या भाषेला तिथे सरकारी वजन मिळते. त्याच वर्षी काय घडले ते बघा. नोआने 13 ते 19 वादळे, 6 ते 10 हरिकेन, 3 ते 5 मोठी हरिकेन सांगितली. झाली 13, 5 आणि 4. अमेरिकेवर एकही हरिकेन चढले नाही, म्हणून अनेकांनी तो हंगाम मवाळ म्हणून विसरूनही टाकला. पण पाचांतली तीन हरिकेन पाचव्या श्रेणीला पोचली, आणि त्यातले मेलिसा 28 ऑक्टोबरला ताशी सुमारे 300 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमैकावर चढले. हरिकेनची संख्या सरासरीखाली, आणि एका देशाचे कंबरडे मोडले. एकूण ऊर्जेचा, म्हणजे ‘एस’चा, आकडा सरासरीच्या जवळपास किंवा थोडा वर राहिला, तो वाचणाऱ्याला हे वर्ष मवाळ वाटले नसते. इथे पुन्हा तोच दोष दिसतो: चुकीचा आकडा पुढे आणि बरोबर आकडा तळटीपेत.

तेव्हा टीकाकारांनी मागणी करायचीच असेल तर ती बंदीची करू नये. मागणी वेगळी हवी आणि ती मी इथे करतो. पहिल्या ओळीत वादळांची संख्या नको. वादळांची एकूण ऊर्जा, आणि किनाऱ्यावर मोठे हरिकेन धडकण्याची शक्यता सरासरीच्या तुलनेत किती, हे दोन आकडे पुढे यावेत. प्रत्येक नव्या अंदाजाखाली त्याच संस्थेचे मागच्या दहा वर्षांचे अंदाज आणि त्यांचे निकाल एका तक्त्यात द्यावेत, म्हणजे वाचणाऱ्याला 2005 आणि 2013 ही दिसतील आणि 2024 ही. एप्रिल, मे आणि ऑगस्टच्या अंदाजांतला भरवशाचा फरक ठळक सांगावा. आणि प्रत्येक जाहीर अंदाजात एक वाक्य असावेच: हा अंदाज तुमच्या घराबद्दल काही सांगत नाही. संस्था यांतले बरेचसे करतात, पण ते आतल्या पानांवर राहते. मथळा लिहिणाऱ्यांनी ते बाहेर आणले पाहिजे.

पुढच्या मे महिन्यात नोआ पुन्हा आकडे देईल आणि आपल्याकडच्या बातम्यांतही ते येतील. ज्यांची मुलेबाळे, भाऊबहिणी फ्लोरिडात, टेक्ससमध्ये किंवा कॅरोलिनात आहेत, त्यांनी तो आकडा वाचून फोन करू नये. 1 जूनच्या आधी एकदा फोन करून विचारावे की स्थलांतराचा विभाग कोणता, विम्यात पुराचे संरक्षण आहे का, आणि औषधे व पाणी भरून ठेवले आहे का. अंदाज जोरदार हंगामाचा असो वा मंद, हे तीन प्रश्न दरवर्षी तेच राहतील.